खाडीपलीकडची तेरियाकी

एका वस्तूची एका दिवशी एकच किंमत असली पाहिजे, यावर मनापासून विश्वास असलेला माझ्या ओळखीतला शेवटचा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे डोंबिवलीचे मामा. बाकीच्यांनी हा विश्वास केव्हाच सोडून दिला. विमानाचं तिकीट, आंब्याची पेटी, पावसातली रिक्षा यांच्या किमती आपल्या तोंडाकडे बघून ठरतात हे आपण मुकाट्याने मान्य केलं. मामांनी केलं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तिथे नटबोल्टपासून कॅन्टीनच्या चहापत्तीपर्यंत कुठलीही गोष्ट त्यांनी तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय घेतली नाही. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तीन भाव सुटले नाहीत. कोथिंबीर घ्यायची तर स्टेशनबाहेरची एक बाई, मंडईतली एक आणि गल्लीच्या तोंडाशी बसणारी एक, अशा तिघींना विचारून ते पुन्हा पहिलीकडे जायचे, तोवर तिची कोथिंबीर संपलेली असायची. मग रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे आणि मामींना सांगायचे, "पण भाव कळला." एकदा त्यांची दाढ ठणकत होती. गाल सुजलेला, बोलता येत नाही, अशा अवस्थेत त्यांनी दाढ काढायचे तीन भाव काढले, तेही हातवारे करून. मामी म्हणायच्या, "माझ्याआधी यांनी दोन मुली बघितल्या होत्या. मी तिसरं कोटेशन." त्यावर मामा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आणि मंजूर झालेलं."

पण मामा चिक्कू होते असं कुणी समजू नये. त्यांना पैशाचं काही नव्हतं, त्यांना कारण हवं असायचं. एकच छत्री दोन दुकानांत दोन भावांना मिळत होती, तेव्हा त्यांनी महागवाल्याला शांतपणे विचारलं, "का?" तो म्हणाला, "काका, माझं दुकान कोपऱ्यावर आहे, मला भाडं जास्त पडतं." मामांचा चेहरा उजळला. त्यांनी महागाचीच छत्री घेतली आणि वर त्या दुकानदाराला शाबासकी दिली. कारण मिळालं की त्यांना रात्री झोप लागायची. मिळालं नाही की ते अस्वस्थ व्हायचे आणि घरभर चपला फटफटवत हिंडायचे. नव्या फोनवर जेवण मागवायचं ॲप त्यांच्या मुलाने परदेशातून येऊन टाकून दिलं, तेव्हा ते त्या ॲपशीही अदबीने वागत. पडद्यावर "आज काय खाणार?" असं आलं की मामा मोठ्याने उत्तर देत, "सांगतो. आधी बघू तर द्या."

गेल्या वर्षी मामींचं पोटाचं ऑपरेशन झालं. इस्पितळ ठाण्यात होतं, म्हणून घरी सोडल्यावर दोघंही काही दिवस घोडबंदर रोडला आमच्याकडे राहिले. ऑपरेशन नीट झालं, पण औषधांनी मामींच्या तोंडाची चव पार गेली. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, फक्त जेवण वाढवा. जेवण काही वाढेना. माझ्या बायकोने मुगाची खिचडी केली, घावन केले, साबुदाण्याची पेज केली. मामी एक घास घ्यायच्या आणि ताट हळूच सरकवून द्यायच्या, आपण त्रास देतोय अशा अपराधी चेहऱ्याने. मग मामा स्वतः स्वयंपाकघरात शिरले. आयुष्यात चहापलीकडे काही न केलेल्या या माणसाने मऊ भात केला, त्यावर तूप घातलं, मेतकूट घातलं आणि चमचा घेऊन पलंगाशी बसले. मामींनी दोन घास खाल्ले, तेही त्यांच्याकडे बघून. तिसऱ्याला मान फिरवली. "मातीसारखं लागतंय हो," त्या म्हणाल्या.  उरलेला भात मामांनी उभ्या उभ्या स्वतःच खाल्ला, बहुधा तो खरंच मातीसारखा लागतो का ते बघायला.

त्याच दिवशी माझ्या मुलीने कॉलेजातून येताना स्वतःसाठी काहीतरी मागवलं होतं. काळा प्लॅस्टिकचा डबा, त्यात भात, भातावर पनीरचे तपकिरी चकचकीत तुकडे आणि वर तीळ. ती मामींच्या पलंगावर पाय घेऊन खात बसली. मामींनी मान उचलली.

"कसला गं वास येतोय? बरा आहे."

"तेरियाकी, आजी. जपानी असतं. टेस्ट करतेस?"

आणि मामींनी खाल्लं. एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग डब्यातला भातही बोटांनी गोळा करून खाल्ला. माझी मुलगी बिचारी उपाशी राहिली आणि आम्ही सगळे पलंगाभोवती एखादा चमत्कार बघावा तसे उभे राहिलो. मामा मात्र गोंधळलेले दिसत होते.

"काय म्हणालीस नाव?"

"तेरियाकी."

"तेरी म्हणजे तुझी," मामा पुटपुटले. "या म्हणजे हिंदीत किंवा. की म्हणजे मराठीत किंवा. तुझी किंवा किंवा. मग पुढे काय?"

"पुढे काही नाही, आजोबा. एवढंच नाव आहे."

"अर्धवट वाटतं," मामा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला त्यांनीच ते मागवलं, आणि तिसऱ्या दिवशीही. मामी त्यांच्यापुरतं जेवायला लागल्या. गालावर थोडी टवटवी आली, आणि आठवड्याभरात दोघं डोंबिवलीला आपल्या घरी गेले.

खरा घोटाळा तिथे सुरू झाला. पहिल्याच दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "जावईबापू, तुमच्याकडे जे दुकान दिसतं ते इथे दिसतच नाही. मी कालपर्यंत यांचं गिऱ्हाईक होतो. काही बिनसलं का?" मी समजावलं, ते दुकान म्हणजे ठाण्यातलं नुसतं स्वयंपाकघर आहे, खाडी ओलांडून डोंबिवलीला डबा पाठवत नाहीत. हे कारण असल्याने मामांनी ते मान्य केलं. मग त्यांना डोंबिवलीतच एका ठिकाणी तेरियाकी सापडली, ठाण्यापेक्षा बरीच स्वस्त. त्यांनी ती मागवली. डब्यात पनीर होतं, कोबी होता, ढोबळी मिरची होती आणि सोबत शेजवान चटणीची पुडी होती. मामींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हे ते नव्हे." दुसऱ्या दिवशी कल्याणची मागवली. ती ठाण्यापेक्षा महाग, घरी येईपर्यंत गार, आणि मामींच्या मते "हेही ते नव्हे."

आता मामांची चपलांची फटफट मला फोनवरसुद्धा ऐकू यायला लागली. ठाण्याहून डोंबिवलीला येताना किंमत उतरते, डोंबिवलीहून कल्याणला जाताना चढते, हे त्यांच्या डोक्यात बसेना. "लांब गेल्यावर महाग म्हणावं तर डोंबिवली स्वस्त का? लांब गेल्यावर स्वस्त म्हणावं तर कल्याण महाग का? आणि कल्याणलाच एवढी, तर पुढे आंबिवलीला काय सोन्याचा वर्ख लावून देतात?" ते खरोखरच आंबिवलीला जाऊन आले. स्टेशनबाहेर उभं राहून त्यांनी ॲप उघडलं, तर पडद्यावर एक रिकामी थाळी आली आणि या भागात अशी वस्तू मिळत नाही असं लिहून आलं. मामांनी तिथल्या एका वडापाववाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, "काका, तेरियाकी नाय, भजी देऊ?" मामांनी भजी खाल्ली. ती चांगली होती, पण त्याने प्रश्न सुटला नाही.

दिवा स्टेशनजवळ त्यांचे कारखान्यातले एक जुने मित्र राहतात. मी एकदा डोंबिवलीला गेलो असताना मामांनी त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे, तुझ्याकडे तेरियाकी येते का?"

"काय येतं?"

"तेरियाकी. ती-"

"अरे, इथे परवापासून नळाला पाणी नाही येत, आणि तू मला कुणाकुणाच्या चौकशा करतोस? कोण आहे ही बाई?"

बराच वेळ समजावल्यावर मित्रांनी आपल्या फोनवर शोधलं. दिव्यात तेरियाकी होती. ती डोंबिवलीहूनही स्वस्त होती, पण तिचा फोटो मामांनी मागवून घेतला तेव्हा त्यात नूडल्स होत्या. मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "जावईबापू, तेरियाकी ही एक वस्तू आहे, की तेरियाकी म्हणजे नुसतंच काहीतरी?"  मी गूगल करून जपानी भाषेतला अर्थ सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "जपानचं राहू द्या. कल्याणचं सांगा."

या सगळ्यात मामी पुन्हा जेवायच्या थांबल्या होत्या. ही गोष्ट मामा बोलत नसत, पण आम्हाला माझ्या बायकोच्या फोनवरून कळत होती. मामींचा आवाज बारीक होत चालला होता. शेवटी असं ठरलं की मीच ऑफिस सुटल्यावर ठाण्याचा डबा घेऊन अधूनमधून डोंबिवलीला जायचं. एका शनिवारी मामाच आमच्याकडे आले, म्हणाले, "आज मी घेऊन जातो, गरम राहील असा." त्यांनी डबा टॉवेलात गुंडाळला, टॉवेल मांडीवर घेतला, आणि मी त्यांना गाडीतून माणकोलीच्या पुलावरून घेऊन निघालो. एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने मामा फोन बघत होते. पुलावर चढलो तेव्हा ते म्हणाले, "अजून ठाण्याची दिसते." थोडं पुढे गेल्यावर ओरडले, "गेली! थांबा, थांबा!"

पुलावर थांबायचं नसतं हे मी त्यांना सांगत होतो, पण त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की माझा पाय ब्रेकवर गेला. मामा उतरले. खाली खाडी, वर ऊन, शेजारून डंपर जात होते आणि हा माणूस फोन समोर धरून दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करत होता. "इथे दिसते. इथे नाही दिसत. इथे दिसते. बघा, बघा, या खांबापाशी जाते!" एवढ्यात मोटरसायकलवरून एक ट्रॅफिक हवालदार आला. 

"ओ काका, काय चाललंय? गाडी का लावली? काय शोधताय पाण्यात?"

"पाण्यात नाही हो. तेरियाकी."

हवालदाराने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा खाडीकडे आणि मग माझ्याकडे. "कुणाची?"

"कुणाची नाही. तीच तर भानगड आहे," मामा म्हणाले. "या खांबाच्या अलीकडे हिची एक किंमत आहे, पलीकडे दुसरीच आहे, आणि मधे ती नाहीच. तुम्ही रोज इथे असता, तुम्हाला काही कल्पना आहे का?"

 हवालदाराने हळू आवाजात मला विचारलं, "वडील आहेत का तुमचे?" मी म्हटलं, "मामेसासरे." त्याने पावतीपुस्तक काढलंच नाही. "घरी न्या," तो म्हणाला. "डबा थंड होतोय त्यांचा."

डोंबिवलीत पोचल्यावरही मामा घरी स्वस्थ बसायला तयार होईनात. आधी मामींना डबा दिला, त्यांनी त्यातला अर्धा खाल्ला, आणि मग मला घेऊन ते त्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघराच्या पत्त्यावर गेले, जिथून कोबीची तेरियाकी आली होती. भांडायला नव्हे. कारण विचारायला. एका इमारतीच्या मागच्या बाजूचा शटरचा गाळा होता तो. आत दोन मोठ्या शेगड्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि एक पंचविशीतली मुलगी कपाळावरचा घाम मनगटाने पुसत डबे बंद करत होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, स्वतःचं हॉटेल काढता आलं नाही म्हणून हा गाळा घेतलेली. मामांनी आपली सगळी तक्रार तिच्यासमोर मांडली. ठाणे, डोंबिवली, कल्याण, दिवा, आंबिवली, आणि पुलावरचा खांब. तिने शेगडी बारीक केली आणि हसायला लागली.

"काका, मला विचारताय? मी माझ्या घरातून ॲप उघडलं ना, तर माझंच जेवण मला वेगळ्या रेटने दिसतं. सकाळी वेगळं, रात्री वेगळं. मध्येच ते डिस्काउंट लावतात, मला विचारत पण नाहीत. सॉस मी ठाण्यावरून आणते, संपला की सोया सॉस आणि गूळ घालून स्वतःच बनवते. कोबी टाकला नाही तर इथले लोक बोलतात, कमी दिलं. मीच कन्फ्यूज आहे."

"म्हणजे कारण?" मामांनी विचारलं.

"कारण काही नाही हो काका."

मामा तिथल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. त्यांना इतक्या स्पष्टपणे आजवर कुणी हे सांगितलं नसावं. मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "पण तुम्हाला इतकी कशाला पाहिजे तेरियाकी? तुम्ही तर खात नसाल."

मामांनी सांगितलं. ऑपरेशन, औषधं, मातीसारखा भात, आणि माझ्या मुलीचा डबा. सांगताना ते अधूनमधून पाणी पीत होते. मुलीने शेगडी पूर्ण बंद केली.

"मग तेरियाकीच कशाला? काकूंना तसं काय आवडतं ते सांगा ना. गोड आवडतं, आंबट आवडतं, तिखट? मी बघते काहीतरी बनवून. ॲपवरून नको, असंच."

  मामांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला माहीत असेल. पुन्हा मुलीकडे पाहिलं.

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

 घरी मामी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मामांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, तसेच त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"अगं, तुला काय आवडतं?"

"कशात?"

"खायला. तुला स्वतःला."

मामींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी मामांचा चेहरा पाहिला आणि विचार करायला लागल्या. "चिंचगुळाची आमटी," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "नाही, ती तुम्हाला आवडते. पुरणपोळी... ती मुलाला. भरली वांगी सासूबाईंची आवडती." त्या थांबल्या. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून वर आलं तरी बाहेरून आवाज आला नाही. मग मामी एकदम हसल्या, जरा ओशाळून. "अहो, आठवतच नाही हो. थांबा, बघते."

मामा त्यांच्या शेजारी खुर्चीच्या हातावर टेकले. मी चहा घेऊन बाहेर गेलो तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर पुलावरच्याहून कितीतरी मोठा गोंधळ होता. तेरियाकीची किंमत त्यांना खांबाच्या अलीकडे आणि पलीकडे निदान दिसत तरी होती.

मामी पुढे बऱ्या झाल्या. जिभेला चव आपोआप आली, कधी आली ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या गाळ्यातल्या मुलीने दोनतीन वेळा काहीबाही करून पाठवलं, त्यातलं एक कोकम घातलेलं काहीतरी मामींनी संपवलं, एक शेजारच्यांना दिलं. ठाण्याचं ते स्वयंपाकघर एके दिवशी आमच्याही ॲपवरून नाहीसं झालं. मी ती बातमी मामांना सांगितली तेव्हा मला वाटलं, आता फटफट सुरू होईल. ते फक्त म्हणाले, "असं का?" आणि उत्तराची वाट न बघता मामींना हाक मारायला गेले, कारण त्यांची बाहेर पडायची वेळ झाली होती.

हल्ली ते दोघं संध्याकाळी बाहेर पडतात आणि काहीतरी एक खाऊन येतात. एका दिवशी एकच. कधी इडली, कधी पाणीपुरी, कधी कुठल्या नव्या दुकानातलं चीज घातलेलं भलतंच काही. मामा खात नाहीत, ते मामींचा चेहरा बघतात. मध्यंतरी मी त्यांच्याकडे जात होतो तेव्हा फडके रोडवर सिग्नलला गाडी अडकली, आणि समोर एका हातगाडीपाशी दोघं उभे दिसले. मामींच्या हातात कागदी बशी होती. मामांनी त्यांची पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली होती आणि ते जरा वाकून त्यांच्याकडे बघत होते. मामींनी घास तोंडात घातला, डोळे मिटून सावकाश चावला, आणि मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला गाडीतून कळलं नाही. मामांनाही कळलं नसावं. सिग्नल सुटला तेव्हा ते अजून थोडे खाली वाकून पुन्हा विचारत होते.